गरिबाच्या लाजेवर शिकणं थांबवा

“आपल्याकडे पेशंटला काय तोटा?” रुग्णाची भूमिका वठवायला तयार केलेली माणसं, म्हणजे सिम्युलेटेड पेशंट, वैद्यकीय महाविद्यालयात आणा म्हटलं की हे उत्तर ठरलेलं. ओपीडीत विद्यार्थ्यांना शिकवणारा डॉक्टर म्हणून सांगतो, हे उत्तर निर्लज्ज आहे.

सरकारी ओपीडीतलं एक टेबल बघा. चाळिशीची बाई स्टुलावर, भोवती आठ-दहा पांढरे कोट. “अंगावरून पांढरं जातंय,” ती पदराआड पुटपुटते. विद्यार्थी खणखणीत आवाजात विचारतो, “वास येतो का?” बाकावरची माणसं माना वळवतात. ती घाईने “नाही” म्हणते. केसपेपरवर तेच उतरतं आणि औषधही त्यावरच ठरतं. आपलं कुठे चुकलं, हे त्या पोराला कळतच नाही. बाई बोलणार नाही आणि सरांपुढे केसपेपरचा गठ्ठा पडलेला.

याला आपण शिक्षण म्हणतो! पैसेवाला पेशंट असा घोळक्यात बसत नाही. शिकाऊ डॉक्टरांच्या चुका सोसायच्या त्या फक्त गरिबाने.

लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने १९६३ साली एका मॉडेलला पायांतली ताकद गेलेल्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि तिच्यावर विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. असा पेशंट दहाही जणांना तीच तक्रार सांगतो, मध्येच थांबवता येतो, आणि शेवटी तोंडावर सुनावतो: “तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाहीत, म्हणून मी दारूचं लपवलं.” हे खरा पेशंट कधीच सांगणार नाही.

आपल्याकडे २०१९पासून नवा एमबीबीएस अभ्यासक्रम आला. रुग्णाशी संवाद त्यात रीतसर विषय झाला, स्किल लॅबही सक्तीची झाली. तिथे आपण काय भरलं? रबरी पुतळे. पुतळ्याला लाज वाटत नाही, तो खोटं बोलत नाही, कर्करोगाचं निदान ऐकून रडत नाही. पैसे नाहीत ही सबब नको. पुतळ्यांना लाखो रुपये मिळतातच. माणसं नाहीत हेही खोटं. राज्य नाट्य स्पर्धेत घाम गाळणारे हौशी कलावंत गावोगाव आहेत. त्यांना नीट शिकवा आणि मानधन द्या.

वाढलेली प्लीहा, हृदयातली मर्मर नटाला दाखवता येणार नाही. त्यासाठी वॉर्ड हवाच. पण प्रश्न कसा विचारायचा, हे शिकायला आजारी माणूस लागत नाही.

अधिष्ठात्यांनो, ज्या विद्यार्थ्याने आधी अशी तालीम केलेली नाही, त्याला ओपीडीत एकाही रुग्णासमोर बसवू नका.