ताबाचा ताबा

“काका, एकदाचा सोक्षमोक्ष लागूनच जाऊ दे!” टीव्हीवर युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या की आमचा पुतण्या हमखास असे म्हणतो. मला त्याचा राग येत नाही. त्याच्या वयाचा असताना मीही तेच म्हणत होतो. पुढे मात्र असा सोक्षमोक्ष लावायला निघालेल्यांचे काय झाले ते वाचू लागलो आणि सिनाईच्या वाळवंटापाशी येऊन थबकलो.

या वाळवंटात इजिप्त आणि इस्रायल यांच्यात १९५६, १९६७ आणि १९७३ अशी तीन मोठी युद्धे झाली. १९६७ साली तर इस्रायलने अवघ्या सहा दिवसांत अख्खे सिनाई घेतले. याहून निर्णायक विजय तो कोणता? पण दोन वर्षे सरायच्या आत सुएझ कालव्याच्या काठावर पुन्हा तोफा धडाडू लागल्या.

पुतण्या म्हणतो, १९७३ साली इजिप्तचे सैन्य कालवा ओलांडून आले नसते, तर इस्रायल बोलणी करायला बसला असता का? प्रश्न बिनतोड आहे. त्या युद्धाने कोंडी फुटली, हे मी नाकारत नाही. पण कोंडी झाली कशी? फेब्रुवारी १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ गुन्नार यारिंग यांना सादात यांनी तहाची तयारी कळवली होती. त्यांच्या अटी पुढच्या तहापेक्षा कडक होत्या, हे खरे. पण दार किलकिले झाले होते. इस्रायलचे उत्तर आले की, ५ जून १९६७ पूर्वीच्या सीमेवर आम्ही परतणार नाही. कृष्णशिष्टाईची आठवण व्हावी असाच प्रसंग! मग १९७३ चे युद्ध झाले. इस्रायलचे अडीच हजारांवर सैनिक गेले, इजिप्तचे त्याहून कितीतरी अधिक. कॅम्प डेव्हिडची तेरा दिवसांची बोलणी १९७८ ची, तह २६ मार्च १९७९ चा. एप्रिल १९८२ पर्यंत सिनाई इजिप्तला परत मिळाले.

राहिला तो ताबा. (आपल्या भाषेत या शब्दाला किती समर्पक अर्थ आहे पाहा!) अकाबाच्या आखातावरचा वाळूचा चिमुकला पट्टा, त्यावर एक हॉटेल. वाद एवढाच, की सीमेचा खांब नेमका कुठे होता? एके काळी एवढ्यावरूनही रणगाडे निघाले असते. या वेळी मात्र दोन्ही देशांचे वकील जुने नकाशे नि छायाचित्रे घेऊन जिनिव्हात लवादापुढे गेले. १९८८ साली निकाल इजिप्तच्या बाजूने लागला आणि मार्च १९८९ मध्ये इस्रायलने तो पट्टा मुकाट्याने सोडला.

या शांततेत जिव्हाळा नाही, हेही सांगायला हवे. सादात यांना तर ऑक्टोबर १९८१ मध्ये त्यांच्याच लष्करातल्या माणसांनी गोळ्या घातल्या. तह मात्र टिकला. कॅम्प डेव्हिडला सह्या दोन करारांवर झाल्या होत्या. त्यातला सिनाईचा अमलात आला. वेस्ट बँक आणि गाझातल्या पॅलेस्टिनींच्या स्वायत्ततेचा दुसरा करार तसाच राहिला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले ते सिनाईच्या सीमेला लागून असलेल्या त्याच गाझात.