पाहुणे गेल्यानंतरचे गाव

लग्नाचा मांडव चार दिवसांचा असतो, हे घरातली थोरली माणसे जाणून असतात. पाहुण्यांच्या सोयीसाठी कर्ज काढून घरावर मजला चढवणारा पुढे हप्ते फेडत बसतो. नॉर्वेतील लिलेहामर या गावाचे काहीसे असेच झाले.

म्योसा सरोवराकाठच्या या गावाची वस्ती सुमारे २३ हजार. फेब्रुवारी १९९४मध्ये येथे हिवाळी ऑलिंपिक भरले. त्याआधी १९९२ साली फ्रान्समधील आल्बेरव्हिलच्या स्पर्धांसाठी डोंगरउतारांची नासाडी झाल्याची मोठी ओरड झाली होती. नॉर्वेच्या पंतप्रधान तेव्हा ग्रो हार्लेम ब्रुंटलँड होत्या. ‘शाश्वत विकास’ हा शब्द जगभर रुळला तो त्यांच्याच आयोगाच्या १९८७ सालच्या अहवालामुळे. साहजिकच, निसर्ग सांभाळूनच खेळ भरवायचे असे ठरले.

हामार येथील स्केटिंगचे सभागृह पक्ष्यांच्या आश्रयस्थानाला अगदी लागून उभे राहणार होते. निसर्गप्रेमींनी विरोध करताच आराखडा बदलून ते दूर सरकवण्यात आले. यॉव्हिकला आइस हॉकीसाठी पाच हजारांहून अधिक प्रेक्षक मावतील असे सभागृह चक्क डोंगराच्या पोटात कोरले गेले. त्यामुळे गावाचे रूप बिघडले नाही. जगाने या स्पर्धांना ‘हरित’ म्हणून वाखाणले.

झाडे, पक्षी वाचले. पण गावकऱ्यांच्या पोटापाण्याचे काय? ऑलिंपिकनंतर पर्यटकांची रीघ वर्षानुवर्षे वाढत राहील, असे भाकीत तज्ज्ञांनी केले होते. त्या भरवशावर हॉटेले उभी राहिली. या भाकितांचा ताळा यॉन टायग्लान या नॉर्वेजियन संशोधकाने घेतला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासातून निराळेच चित्र पुढे आले. पर्यटक वाढले, परंतु अपेक्षेपेक्षा फारच कमी. गावातील मोठ्या हॉटेलांपैकी ४० टक्के हॉटेलांचे दिवाळे निघाले. दोन स्कीइंग केंद्रे तर दिवाळखोरी टाळण्यासाठी एका डॉलरहूनही कमी किमतीला विकावी लागली!

चूक कोठे झाली? सोळा दिवसांच्या गर्दीच्या मापाने बारा महिन्यांचा धंदा बेतला गेला. शाश्वत पर्यटन म्हणजे केवळ वृक्षरक्षण नव्हे. पाहुणे परतल्यावरही गावाची चूल पेटती राहिली पाहिजे.

ज्या वास्तूंचा पुढचा उपयोग आधीच ठरला होता, त्या मात्र कामी आल्या. दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी बांधलेल्या केंद्रात महाविद्यालय भरू लागले. २०१६ साली युवा हिवाळी ऑलिंपिक लिलेहामरलाच झाले, तेव्हा जुनीच क्रीडांगणे पुन्हा गजबजली.

एखाद्या गावात मोठी स्पर्धा येणार म्हटले की, किती लोक येतील हाच प्रश्न आधी विचारला जातो. ते निघून गेल्यावर उरलेल्या खोल्यांत कोण राहणार, हेही त्याच बैठकीत विचारलेले बरे.