बालवाङ्मयाची डागडुजी

जुनें घर दुरुस्त करण्यास बोलाविलेला गवंडी खिडक्याच बुजवूं लागला, तर घरधनी त्यास हांकून देईल. लहान मुलांच्या जुन्या पुस्तकांवर मात्र असे गवंडी राजरोस काम करीत आहेत, आणि त्यांच्या करामतीस 'भाषेचें अद्ययावतीकरण' असें भारदस्त नांव मिळालें आहे.

एनिड ब्लायटन या इंग्रज लेखिकेच्या 'फेमस फाइव्ह' मालेचेंच उदाहरण घ्या. १९४२ ते १९६३ या काळांत या मालेच्या २१ कादंबऱ्या निघाल्या. लेखिका १९६८ सालीं वारली. पुढें २०१० मध्यें हॉडर या प्रकाशनसंस्थेनें, आजच्या मुलांस जुनी भाषा अडते असें ठरवून, शब्द बदलण्यास आरंभ केला. शाळकरी मुलीचा 'ट्यूनिक' गेला व 'युनिफॉर्म' आला; 'पिक्युलिअर'च्या जागीं 'स्ट्रेंज' बसला; 'स्वॉटर' होता त्याचा 'बुकवर्म' झाला.

हे बदल क्षुल्लक आहेत असें कोणी म्हणेल. ते तसे नाहींत. ट्यूनिक म्हणजे एक विशिष्ट वस्त्र. तें डोळ्यांपुढें उभें राहतें. युनिफॉर्म म्हणजे नुसता गणवेश. तो कसलाहि असूं शकेल. नऊवारी लुगडें नेसलेल्या आजीविषयीं 'पोशाख केलेली वृद्धा' असें लिहिण्यासारखाच हा प्रकार. 'स्वॉटर'ची गत तर याहून वाईट. परीक्षेसाठीं घोकंपट्टी करणारा तो स्वॉटर. पुस्तकांच्या नादीं लागून जेवणखाण विसरणारा तो बुकवर्म. पंचवीस वर्षें वर्गांत उभ्या राहिलेल्या माणसास हे दोन प्राणी निराळे ओळखूं येतात, आणि दुसरा फार क्वचित् भेटतो. भाषा सोपी करण्याच्या भरांत येथें अर्थच पालटला, आणि पालटणारास त्याची दादहि नाहीं!

सुधारकांचा मुख्य युक्तिवाद असा कीं, अनोळखी शब्द आला म्हणजे मूल अडखळतें व पुस्तक खालीं ठेवतें. हा युक्तिवाद करणारांनीं आमच्याकडील मुलें पाहिलेलीं नाहींत. पुण्यामुंबईच्या कितीतरी मुलांनीं हीं पुस्तकें जुन्या भाषेंतच वाचलीं. मूर म्हणजे कसलें माळरान, जिंजर बीअर चवीला कशी लागते, यांतलें त्यांना कांहींएक ठाऊक नव्हतें; इंग्रजी ही तर त्यांची घरची भाषाहि नव्हे. तरी तीं अडलीं नाहींत. भुयारांत काय सांपडतें हें कळावयाचें असलें म्हणजे मूल कठीण शब्दावरून उडी मारून पुढें जातें, आणि तोच शब्द पुनःपुन्हा भेटला कीं संदर्भावरून त्याचा अर्थ आपणच लावतें. मुलाची शब्दसंपत्ति वाढते ती अशी. पानोपानीं ओळखीचेच शब्द पेरून ठेवले, तर नवा शब्द त्यानें शिकावा कोठून?

एक भेद मात्र केला पाहिजे. 'टिंकर' हा शब्द काढून तेथें 'ट्रॅव्हलर' घातला गेला. भटक्या लोकांस हिणविण्याकरितां तो शब्द वापरीत. तो निघाला याबद्दल मला खेद नाहीं. आपल्याहि जुन्या पुस्तकांत जातिवाचक शिव्या सांपडतात, आणि त्या मुलांच्या तोंडीं बसाव्यात असें कोणाहि सुजाण आईबापांस वाटणार नाहीं. पण शिवी निराळी व जुनेपणा निराळा. दोहोंस एकाच यादींत घालून एकाच कात्रीनें कापणें हा शुद्ध अविवेक होय.

२०१६ सालीं त्याच प्रकाशनसंस्थेनें हा प्रयोग फसल्याचें मान्य करून मूळ भाषेकडे परत फिरण्याचें जाहीर केलें. इंग्लंडांतील वाचक जागे होते. आमच्याकडे काय? 'श्यामची आई' १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. साने गुरुजी १९५० मध्यें गेले. कायद्याची साठ वर्षांची मुदत संपून २०११ पासून तें पुस्तक कोणासहि छापण्यास मोकळें झालें आहे. छापोत बापडे, पण ज्यास शब्द बदलावयाचे असतील त्यानें तसें मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत सांगावें. आणि मुलांकरितां पुस्तक घेणाऱ्या आईबापांनीं कोपऱ्यांत 'सुलभ' किंवा 'संक्षिप्त' असा बारीक शब्द दिसतो कीं काय हें पाहावें, व दिसल्यास दुकानदाराकडे मूळ प्रत मागावी.