नावं परत आली, मिस्त्रीची बोली?

बिदर-कलबुर्गीकडं जुन्या गाड्यांचा विषय निघाला की दोन नावं हमखास येतात. एक म्हैसूरची येझदी, दुसरी पुण्याची चेतक. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात आधी जावा आणि १९७३ पासून येझदी बनायची. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. बजाजची चेतक आली १९७२ मध्ये, आकुर्डीतून. एक गाडी कर्नाटकची, एक महाराष्ट्राची. भालकी, बसवकल्याण, आळंदच्या रस्त्यांवर मात्र दोन्ही आपल्याच.

“तशा गाड्या आता राहिल्या नाहीत,” असं वडीलधारी म्हणतात. पण खरं बोलू या. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळायचं, मागच्यानं धूर खायचा. ते दिवस परत नकोत. शिवाय नावं तर परत आलीच आहेत : २०१८ मध्ये जावा, २०२० मध्ये विजेवरची चेतक, २०२२ मध्ये येझदी.

मग हळहळ कशाची? माझ्या मते, गाडी समजण्याची. येझदीचा एकच दांडा किक मारायला आणि गिअर टाकायलाही. चेतक सुरू होईना, तर आधी तिरकी करायची. तरी नाही, तर प्लग काढून कार्बन खरवडायचा. एवढं घरच्या पोरासोरांनाही जमायचं. आज गाडी बिघडली की आपण नुसतं बघत उभं राहतो.

गाड्या जपणारे शौकीन आहेत. पण मराठी, कन्नड, दखनी मिसळून बोलणाऱ्या मिस्त्रीचे शब्द कोण जपणार? मित्रांनो, या सुट्टीत गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीजवळ तासभर बसा, वही सोबत न्या. सुटे भाग शोधले तर मिळतील. शब्द गेले की गेलेच.