गोंगाट कशाला म्हणावे?

विद्यार्थी मित्रहो, जपानी चित्रमालिकांची, म्हणजे अ‍ॅनिमेची, शीर्षकगीते तुमच्यापैकी काहींना तोंडपाठ असतील. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या मालिकेत २००४ साली ‘एशियन कुंग-फू जनरेशन’ या चौघांच्या रॉक वाद्यवृंदाचे ‘रीराइट’ हे गीत शीर्षकगीत म्हणून वाजू लागले. विजेच्या दोन गिटारी, एक बास गिटार, ड्रम आणि जवळजवळ ओरडून म्हटलेले ध्रुपद! असे गीत लागले की घरातील मोठी माणसे म्हणतात, “बंद करा तो गोंगाट!” माझ्या मते या एका शब्दात दोन निराळे प्रश्न मिसळलेले आहेत.

पहिला प्रश्न तरंगाच्या आकाराचा. नियमित कंपनांचा तो नाद, अनियमित कंपनांचा तो गोंगाट, असे आपण शिकतो. विजेच्या गिटारीत पोलादी तारांखाली चुंबक व वेटोळे असते. तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि वर्धक तो वाढवतो. वर्धकाच्या कुवतीबाहेर वाढवू गेल्यास तरंगांचे माथे छाटले जातात व आवाज खरखरीत होतो. रॉक संगीतात हे मुद्दाम करतात. आता समजा, सेकंदाला १०० कंपनांचा षड्ज आणि १५० कंपनांचा पंचम एकदम वाजवले. छाटणीमुळे ५०, २००, २५०, ३०० अशा कंपनसंख्यांचे नवे स्वर त्यात मिसळतात. पण सारे ५० च्या पटीत! म्हणजे दर १/५० सेकंदाला तरंगाचा तोच आकार पुन्हा येतो. तेव्हा व्याख्येनुसार ही खरखर नादच ठरते. ड्रमबरोबरच्या झांजेचा ध्वनी अनियमित असतो खरा; पण तसा तो आरतीतील झांजेचाही असतो. गीत न आवडणे हा आवडीनिवडीचा भाग झाला. त्याला विज्ञानाचा शिक्का मारू नये.

दुसरा प्रश्न तीव्रतेचा, आणि येथे मी मोठ्यांच्या बाजूचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकात मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, ही मर्यादा आहे. १० डेसिबल वाढले की तीव्रता दहापट होते. म्हणून ८५ डेसिबलला ४ तास आणि ९५ डेसिबलला अवघी २४ मिनिटे! मालिकेतील शीर्षकगीत सुमारे दीड मिनिटाचे असते. कानाला यंत्र लावून इतक्या मोठ्याने ते सोळा वेळा ऐकले, की आठवड्याचा शिधा संपला. अंतर्कर्णातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. हा हिशेब अभंगालाही तितकाच लागू आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की ध्वनीचा पाठ शिकवताना असे एखादे गीत वर्गात अवश्य आणू द्यावे. त्याचा तरंग दोलनदर्शकावर पाहावा, तीव्रता ध्वनिमापकाने मोजावी. आणि विद्यार्थ्यांनो, घरी वाद घालण्याआधी तुम्हीही आवाज थोडा कमी करा.