बंद खोलीचा हिशेब

नव्या घराच्या कामात हवेचा विषय निघाला की गाडी थेट टनांवर येते. हॉलला दीड टन, बेडरूमला एक, पाइप कुठून न्यायचे, आउटडोअर युनिट कुठे टांगायचं. एवढं सगळं ठरतं, पण त्या घरात बाहेरची हवा कुठून येणार हा प्रश्न निघत नाही. ग्राहक विचारत नाही, कारण एसी लावला म्हणजे हवा आली अशी त्याची समजूत असते. ती दुरुस्त करण्याचं काम आपलं, घरातल्या हवेची रचना करणाऱ्यांचं, आणि ते आपण फारसं मनावर घेतलेलं नाही. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. जुन्या विंडो एसीला निदान एक छोटी झडप असायची. ती उघडली तर बाहेरची थोडी हवा फिरायची. एअर प्युरिफायर धूळ गाळतो, कार्बन डायऑक्साइडला हात लावत नाही.

याच काळात खिडक्याही बदलल्या. लाकडी चौकटी, त्यांच्या फटी आणि वरचे व्हेंटिलेटर गेले; रबरी पट्ट्यांच्या यूपीव्हीसी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आल्या. दोन ट्रॅकची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी असली तरी उघडते निम्मीच. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र फरशीच्या किमान 16.66 टक्के, म्हणजे एकषष्ठांश असावं, असं 2018 ची इको निवास संहिता सांगते. नकाशावर ते बसवताही येतं. पण रात्री अकराला एसी लागला, खिडकीची कडी बसली, की त्या एकषष्ठांशाचं शून्य होतं. आपली रचना या शून्याच्या तासांसाठी करायची आहे. बाकीच्या वेळी खिडकी आहे, आणि ती फुकट आहे.

अकरा बाय बाराची बेडरूम घ्या. उंची धरून साधारण 33 घनमीटर हवा. झोपलेला माणूस तासाला सुमारे 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोघांचे 24. फटींतून तासाला खोलीतली तीन दशांश हवा बदलते असं धरलं, तरी बाहेर 420 पीपीएम असलेलं प्रमाण आठ तासांनी खोलीत 2600 च्या आसपास पोचतं. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने 1858 मध्येच राहत्या खोलीसाठी 1000 ची रेघ ओढली होती. 2600 ला कोणी बेशुद्ध पडत नाही, हेही खरं. पण जी हवा हा वायू बाहेर नेत नाही, ती घाम, शिंकांतले जंतू, नव्या प्लायवूडचा फॉर्मल्डिहाइड यांपैकीही काही नेत नाही. त्याच खोलीत सेकंदाला 10 लिटर बाहेरची हवा सोडली, तर प्रमाण 950 च्या आसपास थांबतं.

संपूर्ण घराला किती हवा लागते, यासाठी अ‍ॅश्रे या अमेरिकी वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं 62.2 मानक हाताशी आहे. फरशीच्या दर चौरस मीटरला 0.15 लिटर प्रति सेकंद, अधिक बेडरूमच्या संख्येत एक मिळवून दर माणशी 3.5. आपल्या 70 चौरस मीटरच्या टूबीएचकेला हे 21 लिटर प्रति सेकंद येतं. मात्र यात टूबीएचकेमध्ये तीन माणसं धरलेली असतात. आपल्याकडे आईवडील, दोन मुलं आणि आजी. वाढीव माणसांमागेही तेवढेच 3.5 मिळवायला हेच मानक सांगतं, म्हणजे 28. साइटच्या भाषेत 60 सीएफएम. शिवाय ही बेरीज घराची आहे, आणि माणसं झोपतात खोल्यांत. म्हणून मोठ्या बेडरूमला 10, आजी आणि मुलांच्या खोलीला 12, हॉलला 6 अशी वाटणी करावी लागते. हॉलमध्ये एकच मोठी ग्रिल लावून सगळी हवा तिथेच सोडणारी कामं आम्ही पाहिली आहेत. बिल पूर्ण निघतं आणि बेडरूममधली हवा होती तशीच राहते.

एवढी हवा आत घ्यायची तर तेवढीच बाहेर काढायला हवी, हा संतुलित पद्धतीचा गाभा. दोन्ही टॉयलेटमधून 10-10 आणि पॅसेजमधून सहासात काढले की हिशेब जवळपास जुळतो. किनारपट्टीवर आत येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त ठेवावी, असं आमचं मत आहे. उलट झालं तर दमट हवा प्रत्येक फटीतून, स्विचबोर्डच्या पाइपातून आत ओढली जाते आणि एसीमुळे गार झालेल्या भिंतीवर, कपाटामागे जाऊन ओल धरते. नुसते एक्झॉस्ट फॅन लावून 'व्हेंटिलेशन झालं' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता ओलाव्याकडे वळू. मुंबईत जुलैची हवा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता धरली, तर एका किलो हवेत साडेएकवीस ग्रॅम पाणी असतं. आत 25 अंश आणि 55 टक्के ठेवायचे तर 11 ग्रॅमच चालतं. आपले 28 लिटर प्रति सेकंद म्हणजे तासाला 100 घनमीटर. त्यांच्यासोबत तासाला सव्वा लिटर जादा पाणी घरात येतं. दिवसभर हेच चाललं तर बादली-दीड बादली. या हवेचा एकूण भार सुमारे एक किलोवॉट, पाव टनाहून थोडा जास्त, आणि त्यातले सहा भागांपैकी पाच ओलाव्याचे. तापमानाचा जेमतेम एक. म्हणून फक्त उष्णता अदलाबदल करणारं एचआरव्ही युरोपात कितीही गाजलेलं असो, कोकणपट्टीत त्याचा उपयोग नावापुरता. इथे ओलावाही परतवणारा कोअर, म्हणजे ईआरव्हीच हवा. त्याची ओलाव्याची कार्यक्षमता 60 टक्के धरली तर सव्वा लिटरचं अर्धा लिटर होतं, आणि तेवढं एसी ओढून नेतो.

पण ईआरव्ही हवा कोरडी करत नाही, हे ग्राहकाला स्वच्छ सांगावं. बाहेर जाणारी हवा कोरडी असेल तरच तो आत येणारीचा ओलावा अडवतो. एसी बंद असलेल्या घरात दोन्ही प्रवाह सारखेच दमट, मग अडवणार काय? लोणावळ्याची किंवा गोव्याची बंद सेकंड होम पावसाळ्यात बुरशीने भरतात म्हणून तिथे ईआरव्ही सुचवणाऱ्यांचं आम्हाला आश्चर्य वाटतं. तिथे डीह्युमिडिफायर लागतो.

या सगळ्या नाजूक हिशेबाच्या शेजारी आपण स्वयंपाकघरात एक दांडगा गडी उभा करतो, तो म्हणजे चिमणी. तासाला 1000 ते 1200 घनमीटर हा तिचा कॅटलॉगमधला आकडा. लांब नळी, दोन-तीन कोपरे आणि शेवटची जाळी लागली की तो बराच खाली येतो. पण 500 धरला तरी आपल्या संपूर्ण घराच्या हवेच्या पाचपट होतो. संध्याकाळी एसी चालू, खिडक्या बंद, चिमणी तिसऱ्या स्पीडवर, आणि कढईत मिरचीची फोडणी. अशा वेळी टॉयलेटच्या एक्झॉस्ट फॅनच्या पट्ट्यांपाशी पेटती उदबत्ती धरून पाहा. फॅन बंद असेल तर धूर खोलीकडे वळतो: डक्टमधली, म्हणजे इमारतीच्या सगळ्या मजल्यांच्या टॉयलेटची हवा घरात येते आहे. मुख्य दाराच्या फटीतून बारीक शिट्टी येते. पाहुण्यांसाठी राखलेल्या टॉयलेटच्या नहाणी ट्रॅपमधलं पाणी न वापरून सुकलेलं असेल, तर वास कुठून येतो हे शोधत प्लंबर दोनदा येऊन जातो.

वासाचं ठीक आहे. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर प्रकरण जिवावर बेततं. जळण्यासाठी लागणारी हवा तो बाथरूममधूनच घेतो. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट राहून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. चिमणीने घर ओढून धरलेलं असताना गीझरच्या नळीतून धूर बाहेर जाण्याऐवजी परत फिरू शकतो. हिवाळ्यात येणाऱ्या अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो आणि दोष गीझरच्या कंपनीला देतो. बाथरूममधला गॅस गीझर ड्राय बाल्कनीत हलवल्याशिवाय घट्ट खिडक्यांच्या घरात कोणतीही यांत्रिक हवा देऊ नये, एवढा आग्रह तरी आपण धरायला हवा.

चिमणी काढून टाका असं कोणी म्हणणार नाही. फोडणीचा धूर आणि गॅसचं ज्वलन दोन्ही बाहेर गेलंच पाहिजे. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त वाफ तयार होते. नळी नसलेल्या, कोळशाच्या जाळीतून हवा परत खोलीत सोडणाऱ्या चिमण्या ही वाफ अडवत नाहीत, त्यामुळे त्यांचं नाव काढू नये. उपाय साधा आहे. चिमणी ईआरव्हीला कधीही जोडायची नाही. तेल कोअरमध्ये गेलं की कोअर संपला. तिची भरपाईची हवा तिच्या जवळूनच, ड्राय बाल्कनीच्या बाजूने, मोटराइज्ड डँपर असलेल्या झरोक्यातून द्यायची, आणि डँपरचं बटण चिमणीच्याच वायरिंगवर घ्यायचं. स्वयंपाकघराला दार असेल तर ते लावून घ्यायला सांगायचं. ओपन किचनच्या हौसेने हा शेवटचा उपाय आपल्या हातून काढून घेतला आहे. ज्या आर्किटेक्ट मित्रांना हे वाचून राग येईल, त्यांनी एका फोडणीपुरती आपल्याच हॉलमधली हवा मोजावी.

दारांवरून आठवलं. बेडरूममध्ये सोडलेले 10 लिटर टॉयलेटपर्यंत किंवा पॅसेजपर्यंत पोचायला वाट लागते. दाराखाली 20 मिलिमीटर मोकळे असतील तर ते सहज निघून जातात, दाब एका पास्कललाही पोचत नाही. प्रत्यक्षात दाराखाली संगमरवराची पट्टी असते आणि तिच्यावर झुरळं येऊ नयेत, एसीची हवा जाऊ नये म्हणून फोमची दुसरी पट्टी चिकटवलेली असते. म्हणून दारात जाळीची ट्रान्सफर ग्रिल बसवलेली बरी. सुताराशी हे बोलणं दार बनण्याआधी व्हायला हवं.

सगळंच आधी बोलायला हवं, ही या कामाची खरी अडचण. अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कच्या इमारतीत भिंती काँक्रीटच्या असतात. स्लीव्ह आधी सोडली नाही तर पुढे कोअर कटिंगसाठी स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या दारात उभं राहावं लागतं, आणि तो नाही म्हणतो ते बरोबरच असतं. लागतं तरी किती? मुख्य नळी 125 मिलिमीटर, बेडरूमच्या शाखा 75 ते 100; हवेचा वेग सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास राहतो आणि रात्री सरसर ऐकू येत नाही. यंत्र टॉयलेटच्या फॉल्स सीलिंगमध्ये मावतं, मात्र हात जाईल एवढं झाकण ठेवा. 40 वॉट धरले तर दिवसाला एक युनिट वीज. फ्लेक्सिबल डक्ट टोकाला हातभर पुरे. तो बीमखाली चेपून, झोळ देऊन नेला की सगळं गणित पाण्यात जातं.

हवा आत घेण्याची जागा शाफ्टमध्ये नको, आउटडोअर युनिटच्या समोर नको, चिमणीच्या तोंडाजवळ नको, जनरेटरच्या बाजूला नको. राहिलेली जागा बहुधा कबुतरांनी आधीच घेतलेली असते. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून वाद पेटला, तेव्हा त्यांच्या विष्ठेने फुप्फुसांना होणारा त्रास घरोघरी कळला; आपल्या इनटेकच्या जाळीवर साचलेली पिसं मात्र वर्षानुवर्षं कोणी पाहत नाही. बारीक मच्छरदाणीची जाळी तिथे लावू नये, ती आठवडाभरात धुळीने बुजते. मोठी जाळी, आत धुता येणारा प्रीफिल्टर, मग एमईआरव्ही 13 दर्जाचा फिल्टर. मुंबईत धूळ हिवाळ्यात सर्वांत जास्त, नेमकी एसी बंद करून खिडकी उघडावीशी वाटते तेव्हा. त्या दिवसांत अदलाबदल बायपास करून नुसती गाळलेली हवा देणारं यंत्र उपयोगी पडतं.

आणि हा फिल्टरच संतुलन बिघडवतो. तो चोंदला की आत येणारी हवा घटते, जाणारी तेवढीच राहते, आणि सहा महिन्यांत संतुलित घर पुन्हा फटींतून श्वास घेऊ लागतं. प्रवाह स्थिर ठेवणारे ईसी पंखे हे बऱ्याच अंशी सावरतात. बजेट नसेल तर दर महिन्याला प्रीफिल्टर धुण्याची सवय घरमालकाला लावावी लागते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक कामांत मात्र पहिल्या दिवशीचाही आकडा कोणी मोजलेला नव्हता. यंत्रावर जो आकडा लिहिलाय तोच मिळतो, असं धरून चाललेलं असतं. फ्लो हूड नसेल तर 60 लिटरची कचऱ्याची पिशवी चपटी करून ग्रिलवर घट्ट धरा आणि ती किती सेकंदांत फुगते ते पाहा. सहा सेकंद म्हणजे 10 लिटर. प्रत्येक ग्रिलचा आकडा, आत येणाऱ्यांची बेरीज, जाणाऱ्यांची बेरीज, फरक दहा टक्क्यांच्या आत. मग चिमणी चालू करून पुन्हा तेच. एका पानात मावणारा तक्ता, खाली तारीख आणि सही. कंत्राटदाराच्या शेवटच्या दहा टक्के बिलाची अट या पानाला जोडावी, आणि त्याची एक प्रत यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावी, म्हणजे पुढच्या वर्षी फिल्टर बदलायला येणाऱ्या मुलाला कशाशी ताडून पाहायचं ते कळेल.