वशिला नाही, म्हणून अर्ज नाही?

कारंजा तालुक्यातलं कामरगाव घ्या, नाहीतर वाशीम जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव. ठिबकच्या अनुदानाचा विषय निघाला की पारावर कोणीतरी म्हणतंच, "ज्याची ओळख त्याचं अनुदान. आपण अर्ज करून काय होते?" बोलणाऱ्याला हे व्यवहारज्ञान वाटतं. मला तो आपल्या हाताने सोडलेला हक्क वाटतो.

आक्षेप अगदीच हवेतला नाही. अर्ज कागदावर होते तेव्हा ते कोणत्या टेबलावर पडून आहेत, हे कळायला मार्ग नव्हता. ऑनलाइन अर्जाचं सरकारी पोर्टल महाडीबीटी आल्यावर निवड संगणकीय सोडतीने होऊ लागली आणि लोक वशिल्याऐवजी नशिबाला बोल लावू लागले. 2025 पासून सोडतही गेली. आता आधी अर्ज करील त्याचा आधी विचार. म्हणजे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणारा रांगेत मागे पडतो तो आपल्याच पायांनी.

मग अर्ज अडतो कुठे? विहीर शेतात असते, सात-बारावर नसते. आधारवर एक नाव, उताऱ्यावर दुसरं. बँकेचं खातं आधारला जोडलेलं नाही. 15 एप्रिल 2025 पासून बंधनकारक झालेला फार्मर आयडी अजून काढलेलाच नाही. आणि सगळ्यांत महागात पडणारी गोष्ट म्हणजे कृषी विभागाची पूर्वसंमती हातात येण्याआधीच संच आणून शेतात पसरणं. ‘घेऊन टाका भाऊ, अनुदान येतेच’ असं सांगणारा दुकानदार भेटतोच. पण आधीच्या तारखेच्या बिलावर अनुदान बसत नाही. यातल्या एकाही ठिकाणी आमदाराच्या चिठ्ठीचं काम नाही. तलाठ्याकडे आणि बँकेत मात्र वेळेवर जावं लागतं.

वशिल्याच्या समजुतीवर पोट भरतं ते मध्यस्थाचं. महाडीबीटीवर अर्जाचं शुल्क 23 रुपये 60 पैसे. त्यावर तो ‘वर ओळख आहे’ म्हणून मागेल ती रक्कम त्या नसलेल्या ओळखीची किंमत असते. शिवाय अर्जात त्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला असेल, तर निवडीचा एसएमएस त्याच्या खिशात वाजतो आणि कागद चढवायची मुदत शेतकऱ्याच्या नकळत सरते.

दुसरा आक्षेप शहरातून येतो: सगळं फुकट लागतं यांना. ठिबकला अल्प व अत्यल्पभूधारकासाठी केंद्राच्या योजनेतून 55 टक्के आणि राज्याचे पूरक 25, असे 80 टक्के. इतरांना 45 आणि 30 मिळून 75. आकडा दिसायला मोठा. पण ही टक्केवारी शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर निघते, दुकानदाराच्या बिलावर नाही. आणि बहुतेक वेळा संपूर्ण बिल आधी शेतकऱ्याने भरायचं, मग मोका तपासणी, मग कधीतरी खात्यात पैसे. सोयाबीनने दगा दिलेल्या वर्षी एवढी रक्कम कोण काढून ठेवतो?

गरिबाला गाळणारी खरी चाळणी ही आहे. वशिल्याच्या गप्पांत नेमकी तीच झाकली जाते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते, म्हणून 80 टक्क्यांची योजना शेवटी ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्याच्या दारात जाते. तेव्हा भांडायचं असेल तर यावर भांडावं: शेतकऱ्याने आपला हिस्सा भरावा, उरलेली रक्कम शासनाने थेट विक्रेत्याला द्यावी.

वशिल्याचा संशय तरीही असेल, तर तो पारावर कशाला कुजवायचा? माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 याच्या कलम 4 नुसार अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले, रक्कम किती वाटली आणि लाभार्थी कोण, हे कार्यालयाने कोणी न मागताही जाहीर करायचं असतं. ग्रामसभेत कृषी सहायकाला उभं करून गावाची यादी वाचायला सांगा. नाव आणि रक्कम यांवर थांबू नका. अर्ज कधी केला, बिल कधी चढवलं, पैसे कधी जमा झाले, या तिन्ही तारखाही मागा. मागून आलेला अर्ज कोणाच्या पुढे गेला ते त्यात दिसेल, आणि बिल भरलेल्या माणसाने किती महिने व्याज सोसलं तेही.